आढ्याचं पाणी

भिंतीवर पन्नास वादळं एकाच वेळी फिरत होती, आणि डॉ. कालिंदी आरोंदेकर त्यांच्याकडे न बोलावता जेवायला आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी बघत होती. खरं वादळ एकच. ते पश्चिम समुद्रात होतं आणि किनाऱ्याला पोचायला त्याला अजून तीन दिवस होते. भिंतीवरची सगळी त्याची जुळी भावंडं. वातवळण केंद्राच्या महागणकानं वाऱ्यात, तापमानात, दाबात केसाएवढा फरक करून ती तयार केली होती. खऱ्याच्या मनात काय आहे ते जुळ्यांना विचारायचं, ही या धंद्यातली जुनी रीत होती.

केंद्र घाटमाथ्यावर होतं, त्यामुळे समुद्र इथून फक्त पडद्यावरच दिसायचा. दार न वाजवता आत येणारा माणूस मात्र प्रत्यक्ष दिसला. हेरंब सबनीस. राष्ट्राध्यक्ष भार्गव तळवणेकर यांच्या प्रचाराचा सूत्रधार. गोड बोलून माणसाचा काटा काढावा तर यानंच, अशी त्याची ख्याती होती. आज मात्र गोड बोलायलाही त्याला सवड नव्हती.

"मॅडम, सगळ्या वाहिन्या सांगतायत की वादळ सोनखाडीला धडकणार. आणि तुम्ही सरकारला लिहून दिलंत की दोन्ही किनाऱ्यांवरची माणसं उचला आणि सोनखाडीला नेऊन ठेवा. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं आहे. वाहिन्यांचं कधीच नव्हतं." कालिंदीनं भिंतीकडे बोट केलं. "नीट बघा. या पन्नासांतली निम्मी वर, उत्तरेला वळून शिरबंदरावर जातात. निम्मी खाली, दक्षिणेला वळून पाटथरावर जातात. वाहिन्या या सगळ्यांची सरासरी काढतात, आणि सरासरीची रेघ मधोमध सोनखाडीतून जाते. त्या रेघेवर एक तरी वादळ दिसतंय तुम्हाला?"

हेरंबनं चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. "नाही."

"एक पाहुणा दुपारी बाराला जेवतो, दुसरा रात्री बाराला. तुम्ही सरासरी काढून संध्याकाळी सहाला पानं मांडलीत तर कोण जेवायला येईल? वाहिन्यांनी सहाला पानं मांडलीत."

"पण मधे का नाही जाणार ते?"

आता ती जरा खुलली. शास्त्राबद्दल विचारलं की ती शत्रूलाही चहा पाजायची. "समुद्रावर हवेच्या दाबाचा एक लांबट उंचवटा तयार झालाय. कौलारू घराचं आढं असतं तसा. वादळ नेमकं त्या आढ्यावर येऊन बसलंय. याला आम्ही दुभंगबिंदू म्हणतो. आढ्याचं पाणी वळचणीला जातंच. कुठल्या वळचणीला, एवढाच प्रश्न. इथं एक झुळूक इकडची तिकडे झाली तरी वादळाचा रस्ता बदलतो. पण आढ्यावरूनच सरळ चालत राहील, असं होत नाही. दिवस-दीड दिवसात ते कुठं तरी कलंडणारच. म्हणून सोनखाडी सगळ्यांत सुरक्षित. घाटातले रस्ते दरडींनी बंद आहेत, माणसं वर आणता येत नाहीत. सोनखाडीला बंदराची गोदामं आहेत, रेल्वेच्या शेड आहेत. माझी आईसुद्धा कालच तिथं गेलीय. मीच पाठवली."

"छान. म्हणजे माणसांची काळजी मिटली." हेरंब खुर्ची ओढून बसला. चहा नको म्हणाला. "आता मतांची बघू. रविवारी मतदान आहे. वादळ गुरुवारी लागेल. आमचं मतअंदाज यंत्र रोज लाखभर माणसांचं बोलणं चाळतं, आणि गेला महिनाभर एकच सांगतंय. बरोबरी. तळवणेकर साहेब आणि त्या धारगळकर बाई, केसाचाही फरक नाही. शिरबंदर साहेबांचं. पाटथर बाईंचं. ज्या किनाऱ्यावर वादळ फुटेल तिथली मतदान केंद्रं वाहून जातील, रस्ते तुटतील, माणूस छप्पर शोधेल की रांगेत उभा राहील? एक तृतीयांश मतं घरीच बसतील. घर असलं तर." तो हसला. "तुमच्या दुभंगबिंदूवर एक झुळूक पुरते म्हणालात. ती झुळूक तुमच्याकडे आहे, असं ऐकून आहे मी."

होती. तिचं नाव सागरसाय. तापल्या दुधावर साय धरते तशी समुद्रावर धरणारी, डोळ्यांना न दिसणारी एक पातळ चकती. मानवरहित विमानांतून एक तेलकट द्रव फवारला की ती पसरते आणि खालच्या कोमट पाण्याची वाफ अडवते. वाफ हेच वादळाचं जेवण. एका बाजूचं ताट झाकलं की ते दुसऱ्या बाजूला सरकतं. लाटा ही साय तासा-दोन तासांत फाडून टाकतात, म्हणून ती सारखी धरत राहावी लागते. प्रयोग झाले होते. खऱ्या वादळावर वापरायला मात्र बंदी होती.

"ते बेकायदा आहे," कालिंदी म्हणाली. "आणि कायद्याचं सोडा. पाटथरात लोकांची घरं आहेत."

"शिरबंदरात काय नुसती वाळू आहे? कुणाची तरी घरं जाणारच, तुम्हीच म्हणालात. माणूस एकही मरणार नाही, सगळे तुमच्या सोनखाडीत. नाणं हवेत आहेच, मी फक्त फुंकर घाला म्हणतोय." तो उठला आणि दारात थांबला. कसलेला माणूस होता, शेवटचा घाव दारातूनच घालायचा हे त्याला ठाऊक होतं. "आणि एक. पाटथरच्या किनारी संस्थेत सागरसाय कोण सांभाळतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमचे धाकटे बंधू हातावर हात ठेवून बसले असतील असं वाटतं का तुम्हाला?"

झालं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर विचार केला असता, चार जणांना विचारलं असतं. कालिंदीच्या कानात 'धाकटे बंधू' हे दोन शब्द गेले आणि तिची मती तिथंच गुंग झाली. साहेब जिंकोत नाहीतर बाई, तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नचिकेत जिंकायला नको होता.

दोघांनी मिळून सागरसाय शोधली, ही गोष्ट खरी. पहिलं सूत्र कुणाचं, यावर दोघांचं बिनसलं, हीही खरी. नचिकेत उठून पाटथरला गेला, धारगळकर बाईंच्या माणसांनी त्याला संस्था उभारून दिली. कालिंदीनं विज्ञान परिषदेला कळवलं की माझा भाऊ चोर आहे. त्यानं एका वाहिनीवर बसून हसत सांगितलं की आमच्या ताईंचं विज्ञान सत्तेची छत्री जिकडे जाईल तिकडे जातं. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. जे काही बोलायचं ते आईमार्फत, आणि आईनं त्यातलं निम्मं गिळून टाकायचं.

आई म्हणजे शुभांगीबाई. जन्मभर शाळेत मुलांना हाकत आलेली बाई, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती या दोघांची एकच गोष्ट सांगायची. लहानपणी कैरीच्या लोणच्याची नवी बरणी दोघांनी दोन बाजूंनी धरली. आधी मी वाढणार, नाही मी. ओढाओढी बराच वेळ चालली आणि बरणी बिचारी मधल्या मधे लोंबकळत राहिली. मग आई ओरडली, "सोडा म्हणते ना." तर दोघांनीही एकदम सोडली. "आयुष्यात एकदाच माझं ऐकलं दोघांनी," शुभांगीबाई म्हणायच्या, "आणि वर्षाचं लोणचं फरशीवर." पाहुणे पोट धरून हसायचे. कालिंदीला त्या गोष्टीत हसण्यासारखं काही सापडत नसे.

तर त्याच दिवशी दुपारी तिची विमानं उडाली.

वादळाच्या उत्तरेला समुद्र झाकत गेला, आणि संध्याकाळी वादळ दक्षिणेकडे झुकलं. अगदी सूत्रात लिहिलं होतं तसं. इतकं आज्ञाधारक की तिला क्षणभर आनंदच झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली नाही. हेरंबनं फोनवर 'वा' म्हटलं. सकाळी येऊन बघते तो वादळ पुन्हा आढ्यावर.

तिनं पुन्हा साय धरली. ते झुकलं. दुपारी परत आढ्यावर.

तिनं दुप्पट विमानं पाठवली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तिनं उपग्रहाचं चित्र मोठं केलं आणि वादळाच्या दक्षिणेकडचं पाणी तपासलं. तिथं वाफ नव्हती. तो भाग गुळगुळीत, चकचकीत, झाकलेला होता. साय तिची नव्हती, पण धरण्याची पद्धत तिचीच होती. आधी कड, मग मध्य, मग पुन्हा कड. ही पद्धत तिनंच त्याला शिकवली होती.

"मेल्या," ती पडद्याला म्हणाली.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली, आणि ती दिसल्यावर ती खाली बसली. वादळ आढ्यावरून हललं नव्हतं, पण थांबलंही नव्हतं. ते पुढं सरकत होतं. ती उत्तरेकडून ढकलत होती, तो दक्षिणेकडून. ते जरा झुकलं की ज्याच्या अंगावर येईल तो घाबरून जोर वाढवायचा, की पुन्हा मध्यावर. दोघांचं यंत्र एक, सूत्र एक, विमानं जवळजवळ सारखी, आणि डूख तर तंतोतंत सारखा. कुठल्याही वादळाला जे कधी जमलं नसतं ते या दोघांनी त्याच्याकडून करून घेतलं होतं. ते आढ्यावरून सरळ चालत निघालं होतं. वाहिन्यांची सरासरीची रेघ खरी ठरत होती, आणि त्या रेघेच्या टोकाला सोनखाडी होती.

पन्नास जुळ्यांतलं एकही तिथं गेलं नव्हतं, कारण त्या पन्नासांत माणसं नव्हती. वारा होता, दाब होता, तापमान होतं. कुणी मुद्दाम ढकलेल, आणि समोरचाही त्याच वेळी उलट ढकलेल, हे तिनं यंत्राला सांगितलंच नव्हतं. माणसाचा आकस मोजायचं यंत्र तिच्याकडे नव्हतं, आणि खरं तर गरजही नव्हती. स्वतःच्या छातीला हात लावला असता तरी आकडा मिळाला असता.

हेरंबला तिनं सगळं समजावून सांगितलं. तोवर गुरुवारची सकाळ झाली होती आणि तो केंद्रातच मुक्काम ठोकून होता. पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला, पण तो उतरलाही राजकारण्यासारखाच.

"सोनखाडीत दोन्हीकडची मिळून किती माणसं आहेत?"

"पाच लाख. खाडीच्या पातळीला. समुद्र आत आला तर पहिल्या मजल्यापर्यंत पाणी येईल, आणि गोदामांना दुसरा मजलाच नाही."

"मग हलवा त्यांना."

"कुठं? घाट बंद आहे. वरचा आणि खालचा, दोन्ही महामार्ग पाण्याखाली गेलेत. हातात एकच उपाय आहे, सबनीस. दोघांपैकी एकानं ढकलणं थांबवायचं. दुसऱ्याचा जोर एकटा उरला की दुपारपर्यंत वादळ कलंडेल आणि थांबणाऱ्याच्या किनाऱ्यावर जाईल. किनारे रिकामे आहेत. घरं जातील, माणूस जाणार नाही."

"उत्तम. मग सांगा तुमच्या भावाला थांबायला."

"आणि आपण थांबलो तर?"

"तर रविवारी साहेब हरतील." हेरंब आवाज न चढवता म्हणाला. "आणि सोमवारी मी सांगेन की बंदी मोडून ढकलाढकली तुम्ही सुरू केलीत. मला कुणी विचारलंच नव्हतं. फोन लावा त्यांना."

तिनं लावला. तीन वर्षांनी लावला, तरी नंबर बघावा लागला नाही. पलीकडून उचलला.

"मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण? राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय का?"

"नचिकेत, फाजीलपणा पुरे. वादळ कुठं चाललंय ते दिसतंय ना तुला?"

"दिसतंय की. पाटथरावर ढकलायला निघाला होतात आपण, ते काही जमेना. वाईट वाटलं असेल."

"आणि तू काय करत होतास? पूजा?"

"मी आधी सुरुवात केली नाही. माझी विमानं तुमच्यानंतर उडाली, नोंद आहे माझ्याकडे. पाटथरची घरं वाचवत होतो मी. तुम्ही कुणाची वाचवत होतात? एकाच माणसाची खुर्ची."

"आई तिथं आहे, निकू."

'निकू' तिच्या तोंडून चुकून गेलं होतं, आणि गेल्याबरोबर तिला स्वतःचाच संताप आला.

"तिला तिथं तुम्ही पाठवलंत," तो सावकाश म्हणाला. "मी तिला पाटथरला माझ्याकडे ये म्हणत होतो. तुमचं सर्वज्ञ यंत्र म्हणालं सोनखाडी. आता थांबा की. तुम्ही मोठ्या आहात. मोठ्यांनी आधी थांबायचं असतं."

"सूत्र चोरताना नाही आठवलं कोण मोठं ते?"

"हे बघा. मरायला टेकली पाच लाख माणसं तरी यांचं आपलं सूत्र. मी थांबणार नाही. मी थांबलो की तुम्ही आणखी ढकलाल आणि उद्या जगाला सांगाल की बघा, हरला. ओळखतो मी तुम्हाला."

"मीही ओळखते," असं म्हणून कालिंदीनं फोन आपटला. हेरंबनं खांदे उडवले आणि जेवायला गेला.

तो गेल्यावर आईचाच फोन आला. मागं भांड्यांचा आणि पोरांचा कल्लोळ होता. शुभांगीबाईंनी तिथंही स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. "अगं, इथं लोक म्हणतायत की वादळ इकडेच येतंय. मी म्हटलं, माझ्या लेकीनं सांगितलंय नाही येणार म्हणून. तर मला म्हणतात, बाई, आकाश बघा. खरं काय ते सांग मला. घाबरवू नकोस आणि फसवूही नकोस."

कालिंदीनं खरं काय ते सांगितलं. सगळं. ढकलाढकलीसकट. आईला खोटं सांगायची ताकद तिच्यात कधीच नव्हती.

पलीकडे शुभांगीबाई कुणाला तरी 'पिठल्यात पाणी घाल अजून' म्हणाल्या आणि परत फोनवर आल्या. "म्हणजे तुम्हा दोघांचं भांडण आता पाच लाख लोकांना वाढलंयत म्हण की. ऐक. मी इथं पाटथरच्या बायकांना आणि शिरबंदरच्या बायकांना एका चुलीवर आणलंय, आणि ते काही सोपं नव्हतं. काल एकमेकींच्या पुढाऱ्यांवरून झिंज्या उपटत होत्या. आज पोळ्या लाटतायत. मला आता मरायला सवड नाही. तुमच्यातलं एक कुणी तरी थांबा."

"तो नाही थांबत."

"मग तू थांब. उचल फोन, सांग त्याला, मी थांबते म्हणून. जीभ झडणार नाही." आणि शुभांगीबाईंनीच फोन ठेवला.

कालिंदीनं भिंतीवर शिरबंदर शोधलं. शिरबंदरात तिचं घर होतं. समुद्राकडे तोंड असलेलं, पुस्तकांनी भरलेलं. ते जाईल. साहेब हरतील, हेरंब तिला चौकशीच्या पिंजऱ्यात उभी करेल, नचिकेतच्या धारगळकर बाई राष्ट्राध्यक्ष होतील आणि नचिकेत या खोलीत, या खुर्चीत येऊन बसेल. हे सगळं तिनं एकेक करून डोळ्यांसमोर आणलं आणि आश्चर्य म्हणजे तिला ते गिळता आलं. आई सोनखाडीत होती. त्यापुढं घर काय आणि खुर्ची काय.

एकच गोष्ट गिळता येईना. फोन उचलून 'मी थांबते' म्हणायची. तो हसेल. हसला नाही तरी हसू दाबेल, आणि ते दाबलेलं तिला ऐकू येईल. थांबायचं तर आहेच ना? मग सांगायचं कशाला? त्याचा जोर चालूच आहे. तो थांबणाऱ्यातला नाही, तासापूर्वी त्यानं स्वतः सांगितलं. मी मुकाट्यानं सोडलं की काम झालं. त्याला कळेलच संध्याकाळी. आईनं दोन कामं सांगितली होती. तिनं त्यातलं अवघड काम केलं आणि सोपं टाळलं.

हेरंब परत येऊन ढवळाढवळ करेल म्हणून तिनं परतीचे दोरच कापले. सगळ्या विमानांना साय-द्रव समुद्रात ओतून रिकामं परतायचा आदेश दिला. आता ती पुन्हा भरून, उडवून तिथवर न्यायची म्हटली तरी वादळ आधी किनाऱ्याला लागलं असतं. मग ती हात बांधून बसली आणि वादळ उत्तरेला, तिच्या रिकाम्या घराकडे झुकायची वाट बघू लागली.

हेरंब आला तेव्हा तिनं त्याला सांगून टाकलं. तो तिला बरंच काही बोलला. 'घरभेदी' हा त्यातला सगळ्यांत सौम्य शब्द होता. ती शांतपणे ऐकत होती. असं शांत तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वादळ झुकेना.

उत्तरेची साय फाटत चालली होती, पाणी पुन्हा वाफाळत होतं. म्हणजे तिची विमानं खरोखरच थांबली होती. मग दक्षिणेकडून तो ढकलतोय ते जातंय कुठं? तिनं दक्षिणेचं चित्र मोठं केलं. तिथलीही साय फाटत होती. कुणी ती नव्यानं धरत नव्हतं. पाटथरच्या बाजूला किनाऱ्याकडे परत निघालेल्या विमानांची रांग दिसत होती, आणि त्यांच्या मागं समुद्रावर ओतून दिलेल्या द्रवाचा एक लांब, ओंगळ पट्टा. त्यानंही दोर कापले होते. त्याचाही शेजारच्या कुणावर तरी विश्वास नव्हता.

उत्तरेला सारखी वाफ, दक्षिणेला सारखी वाफ. वादळाला ना इकडचा धक्का, ना तिकडचा. आपलं आपण कलंडायला त्याला दिवस-दीड दिवस हवा होता. हातात एक दुपार होती.

तिनं फोन उचलला आणि त्याचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. तिसऱ्यांदा लावताना तिला उमजलं की तो तिलाच लावतोय. मग तिनं फोन ठेवला, म्हणजे त्याचा लागेल. फोन वाजला नाही. त्यानंही ठेवला असणार.

"आता?" हेरंबनं विचारलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा आला.

"आता काही नाही. आम्हा भावंडांपैकी एक जण जरी वाईट राहिला असता तरी चाललं असतं."

हेरंबला ते कळलं नाही. सवयीनं त्यानं हातातल्या पडद्यावर मतअंदाज यंत्र उघडलं आणि सोनखाडीची शक्यता त्यात भरली. उत्तर यायला वेळ लागला नाही. त्यानं पडदा तिच्यासमोर धरला. सोनखाडीत दोन्हीकडची माणसं सारखीच होती, त्यामुळे दोन्हीकडची मतं सारखीच जाणार होती. निवडणूक होती तिथंच राहिली होती. बरोबरी.

फोन वाजला तेव्हा तिनं नाव न बघताच उचलला. "निकू?"

"मी आहे," शुभांगीबाई म्हणाल्या. मागं आता भांड्यांचा आवाज नव्हता. वारा एवढा मोठा होता की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. "पाणी गोदामाच्या उंबऱ्याला लागलंय. थांबलं का गं तुमच्यातलं एक कुणी?"

"दोघंही थांबलो, आई."

"काय? ऐकू येत नाही."

"दोघांनीही सोडलं. एकदम. एकमेकांना न सांगता."

"बरणी," शुभांगीबाई म्हणाल्या. रागानं नाही, नुसतं ओळखीची वस्तू पुन्हा सापडल्यासारखं. मग त्यांचा शाळेतला आवाज परत आला. "बरं. आता ठेव तू. मला लहान मुलांना पत्र्यावर चढवायचंय. आणि त्याला फोन लाव. तो लावेल म्हणून बसू नकोस."

तिनं लावला. घंटा वाजत राहिली, आणि या वेळी त्यानं उचलला.